अण्णांनी लिहून ठेवलं होतं

जून २०२२ मध्ये अण्णा गेले, त्याच्या तेराव्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात सहा नंबरचे दादा एक कागद घेऊन आले. नामनिर्देशनाच्या अर्जाची प्रत. त्यावर अण्णांची सही आणि नॉमिनी म्हणून दादांचं नाव होतं. "घर माझ्या नावावर करून घ्यायचंय," ते म्हणाले. आवाजात अजिबात अरेरावी नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की घर त्यांचंच आहे. मी तेव्हा खजिनदार होतो. कागद हातात घेतला आणि माझे हात गार पडले, कारण तोवर मला वाटत होतं की ते घर माझं आहे.

हे लिहायला मी दोन वर्षं थांबलो. यंदा तीन नंबरच्या काकूंनीच सांगितलं, लिही. घरांचे नंबर बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं आहे.

आमची इमारत कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत. १९८३ ची, दहा घरांची, लिफ्ट नसलेली. पाच नंबरमध्ये अण्णा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही, पत्नी २००६ मध्ये गेली, एक धाकटी बहीण मिरजेला. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी कोडी घालायचं काम त्यांचं. आम्ही मुलं असताना जिन्याच्या कठड्याखाली, मीटरच्या पेटीमागे चिठ्ठ्या लपवून ठेवायचे आणि शेवटच्या चिठ्ठीपाशी पेढ्यांचा पुडा असायचा.

त्यांचं वय झालं तसा सगळ्यांचा पाच नंबरमध्ये राबता वाढला. दोन नंबरमधून दुपारचं ताक, आठ नंबरमधून चतुर्थीचे मोदक. दादा दर महिन्याला रक्तदाब मोजायचे. अण्णांचा हात चालेनासा झाल्यावर शेवटचे चौदा महिने मेंटेनन्सही दादांनीच भरला. मोतीबिंदूच्या दोन्ही ऑपरेशनना मी सोबत गेलो, महिनाभर दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घातले. हे सगळं प्रेमाने केलं, यात खोटं नाही. पण २०१८ नंतर इमारतीच्या पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू झाल्या, पाच नंबरची किंमत सगळ्यांना तोंडपाठ झाली आणि प्रेमाच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं. माझ्या मुलाचं लग्न व्हायचं होतं, आमच्या दोन खोल्या होत्या. थेंब घालताना मी भिंती बघायचो.

आणि अण्णा प्रत्येकाला एकच वाक्य म्हणायचे. "तुमचं मी लिहून ठेवलंय हो." मला म्हणाले, दादांना म्हणाले, ताक आणणाऱ्या दोन नंबरच्या वहिनींना म्हणाले. प्रत्येकाने ते मनात जपून ठेवलं, शेजाऱ्याला सांगितलं नाही.

दादांच्या त्या कागदावर कमिटीत दोन तास वाद झाला. शेवटी अण्णांच्या एका विद्यार्थिनीला, आता वकिली करणाऱ्या बाईंना, विचारायचं ठरलं. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक सोसायटीत माहीत असायला हवं, कारण आपल्याकडे दहातल्या दहा घरांत 'नॉमिनी म्हणजे मालक' असंच धरून चालतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, तेही खरा वारस किंवा मृत्युपत्राप्रमाणे ज्याचा हक्क आहे तो येईपर्यंत. तोवर नॉमिनी घर सांभाळतो, पण ते त्याचं होत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे हे घर मिरजेच्या बहिणीकडे जाणार.

दादा उठून गॅलरीत गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. जायला हवं होतं.

"मृत्युपत्र आहे," बाई पुढे म्हणाल्या, "पण माझ्याकडे नाही. अण्णांच्या कपाटात एक पावती असेल. तीच शोधा."

पावती दुसऱ्या दिवशी सापडली, पंचांगात. बहिणीच्या समक्ष कपाट उघडलं होतं. पावती सह जिल्हा निबंधकांच्या कार्यालयाची, ऑगस्ट २०२१ ची. अण्णांनी मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून तिथे ठेवायला दिलं होतं. अशी सोय असते हे मला पन्नाशीत कळलं. नोंदणी कायदा १९०८ चा, त्याच्या ४२ ते ४५ या कलमांत ही तरतूद आहे. मृत्युपत्र करणारा माणूस स्वतः पाकीट घेऊन जातो, वर आपलं नाव आणि आत काय आहे ते लिहितो. निबंधक पाकिटात काय लिहिलंय ते वाचत नाही. पाकिटावरचा मजकूर, दिवस, वेळ, ओळख पटवणाऱ्यांची नावं आणि लाखेवर उमटलेलं अक्षर, एवढं सगळं पुस्तक क्रमांक ५ मध्ये उतरवून घेतो आणि पाकीट अग्निरोधक पेटीत ठेवतो. माणूस जिवंत असेपर्यंत त्याला ते परत घेता येतं. गेल्यावर कुणीही अर्ज केला की अर्जदारासमोर फोडतात.

अर्ज मी केला. मृत्यूचा दाखला, पावती, माझं ओळखपत्र, फी. तारीख मिळायला तीन खेपा झाल्या. एकदा दाखल्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव यांत आडनावाचा एक ऱ्हस्व-दीर्घ वेगळा निघाला म्हणून प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. शेवटी जुलैच्या अखेरीस आम्ही अकरा जण त्या कार्यालयात उभे होतो. एकालाच बोलावलं होतं, पण घरी थांबायला कुणीच तयार नव्हतं. बाहेर पाऊस, सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी फरशीवर. लिपिकाने पाकीट आणलं, पाच ठिकाणी लाल लाख, प्रत्येकीवर 'ग' उमटलेलं. गणिताचा ग. त्यांच्या वह्यांवरच्या शिक्क्यातलं हेच अक्षर मी शाळेत असताना पाहिलं होतं. निबंधकांनी मोहोरा मोजल्या, नोंदीशी ताडल्या आणि कागद कापायच्या सुरीने वरची कड कापली.

मृत्युपत्र सात पानी, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या. निबंधकांनी ते वाचून दाखवलं नाही. ते त्यांचं कामही नव्हे. कलमाप्रमाणे मजकूर अर्जदाराच्या खर्चाने पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरवतात आणि मूळ कागद पुन्हा तिथेच राहतो. हातात मिळते ती प्रमाणित नक्कल. माणूस गेल्यावर ती नक्कल मागणाऱ्या कुणालाही मिळते, आणि आमच्याकडे पुढच्या पंधरवड्यात नऊ घरांनी नऊ नकला काढल्या.

घर बहिणीला. पोळ्या करणाऱ्या मावशींना दोन लाख. देणी आधी फेडायची. आणि उरलेलं, म्हणजे पाच लाखांची एक मुदत ठेव आणि घरातलं सामान, यासाठी खेळ.

होय, खेळच. अण्णांनी तोच शब्द वापरला होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आठ पाकिटं आहेत, आठ घरांसाठी. प्रत्येकात सात प्रश्न, बाकीच्या प्रत्येक घराबद्दल एक. उत्तर ज्या घराबद्दलचं, त्याच घरातल्या माणसाच्या अक्षरात आणि सहीने हवं. मुदत तीस दिवस. सगळ्यांत जास्त बरोबर उत्तरं आणणाऱ्या घराला ठेव आणि सामान. बरोबरी झाली तर ज्याने आधी कागद दिला त्याला. त्या दिवशी घरात राहणारे भाडेकरूही खेळात. अण्णांनी स्वतः लिहिलेली बरोबर उत्तरांची उत्तरपत्रिका वकीलबाईंकडे, तिसाव्या दिवसानंतर फोडायची.

सात नंबर, म्हणजे आमचं घर, खेळात नव्हतं. मला त्यांनी एक्झिक्युटर नेमलं होतं. मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारी माझी. कारण एका ओळीत दिलं होतं: "सात नंबरच्या घराला गुपित ठेवता येतं, हे मला ठाऊक आहे."

मला ती ओळ कळली नाही. तेव्हा फक्त एवढंच कळलं की घर गेलं आणि पाच लाखही गेले. त्या रात्री बायकोने जेवायला वाढलं आणि मी ताटावरून उठलो. महिनाभर थेंब घालणाऱ्या माणसाला हमालीचं काम दिलं, असं वाटलं. आज ते आठवून लाज वाटते, पण वाटलं होतं ते तसंच.

बाईंना मी विचारलं, असला खेळ कायद्यात बसतो का? त्या म्हणाल्या, भारतीय उत्तराधिकार कायद्यात अट बेकायदा किंवा अशक्य असेल, किंवा कुणाला काय द्यायचंय ते नीट ठरवताच येत नसेल, तर ते दान टिकत नाही. अण्णांनी नियम गणितासारखे लिहिले आहेत, बोट ठेवायला जागा नाही. पुण्यातल्या मिळकतीसाठी तेव्हा मुंबईसारखं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नव्हतं, तेवढी धावपळ वाचली.

पाकिटं मी १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर वाटली.

प्रश्न वाचल्यावर सगळ्यांना 'लिहून ठेवलंय'चा अर्थ कळला. त्यांनी खरंच लिहून ठेवलं होतं. चाळीस वर्षं प्रत्येक घराचं. दोन नंबरबद्दलचा प्रश्न असा: किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे सगळे अंगणात उतरले, दोन नंबरमधून कुणीच का उतरलं नाही? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, पुण्याची मिरवणूक रात्रभर चाललेली, आणि दोन नंबरचं अख्खं घर लक्ष्मी रस्त्यावर होतं. त्यांना धक्का जाणवलाच नाही, ढोलांत. चार नंबरबद्दल: गणपती दूध प्यायला त्या दिवशी, २१ सप्टेंबर १९९५ ला, तुमच्याकडचं दूध कुणासाठी राखून ठेवलं होतं? दहा नंबरच्या भाडेकरूंबद्दल, जे २०२० मध्ये आलेले: ताईंनी मला मोबाइलवर पहिली गोष्ट कोणती शिकवली?

पहिले चार दिवस हसत गेले. लोक जिन्यात थांबून जुन्या गोष्टी काढत होते. दोन नंबरच्या वहिनींनी मिरवणुकीची गोष्ट इतक्यांना सांगितली की शेवटी त्यांनी ती लिहून झेरॉक्स काढायचं ठरवलं. मग आठ नंबरच्या मुलाने हिशेब मांडून दाखवला: मी तुम्हाला आमचं उत्तर दिलं तर तुमचा एक गुण वाढतो, माझा नाही. तुम्ही दिलंत तरच मी देणार.

तिथून जे सुरू झालं ते मला बघवलं नाही. देवाणघेवाण ठरायला लागली. जिन्याच्या वळणावर दोन घरं एकाच वेळी कागद पुढे करायची, एका हाताने द्यायचा, एका हाताने घ्यायचा. चार नंबरने आठ नंबरला मुद्दाम चुकीचं उत्तर लिहून दिलं, ते आठला कळलं आणि आठवडाभर त्यांच्या दारातल्या चपला चारच्या पायपुसण्यावर आढळत होत्या. शहाऐंशी सालापासूनचे शेजारी. ताक, मोदक, विरजण सगळं थांबलं. रोज कुणीतरी माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं आणि मी नियमाचं पान उघडून दाखवायचो.

आणि तीन नंबरचं दार बंद होतं.

तीन नंबरबद्दलचा प्रश्न होता: मे १९९७ मध्ये एका रात्री काका कुठे निघाले होते आणि त्यांना घरी कुणी आणलं?

काका २०११ मध्ये गेले. काकू सत्तरीच्या, एकट्या. सात घरांच्या हातात तो प्रश्न होता आणि उत्तर फक्त त्यांच्या अक्षरात चालणार होतं. पहिल्या आठवड्यात पाच जणांनी बेल वाजवली. काकूंनी पहिल्याला दार उघडलं, प्रश्न ऐकला आणि मग कुणालाच उघडलं नाही. दूध दारात तापायचं. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःचं पाकीट न फोडता माझ्या दाराखालून आत सरकवलं.

मी बाईंना फोन केला. हा प्रश्न काढून टाकता येईल का? त्या म्हणाल्या, तुम्ही मृत्युपत्र अमलात आणायचं, दुरुस्त करायचं नाही. पण उत्तर कुणालाच मिळालं नाही तर सगळे सारखेच.

मग मी प्रत्येक घरी गेलो. फक्त एवढंच मागितलं, तीन नंबरची बेल वाजवू नका. दादांनी सगळ्यांत आधी मान हलवली. अण्णांकडून ज्याला सगळ्यांत जास्त हवं होतं आणि सगळ्यांत कमी मिळालं, तो माणूस. आठ नंबरला तीनदा समजवावं लागलं. एका घराने हो म्हणून रात्री दहाला पुन्हा बेल वाजवली, तेव्हा मी जिन्यात उभा होतो. त्यानंतर शेवटचे अठरा दिवस रोज रात्री अकरापर्यंत मी तीन नंबरसमोरच्या पायरीवर पेपर वाचत बसलो.

अण्णांवर माझा जीव होता. पण हे त्यांनी करायला नको होतं. त्यांच्या डोक्यात काय असेल ते मी समजू शकतो. त्यांना वाटलं असेल, या इमारतीत माणसं एकमेकांसाठी काय काय करून गेली ते माझ्याबरोबर जाऊ नये, पैशाच्या निमित्ताने का होईना लोक एकमेकांना विचारतील. त्यांच्या लेखी ती सगळी चांगुलपणाची नोंद होती. पण एखाद्या घराची सगळ्यांत वाईट रात्र दुसऱ्याला चांगुलपणाची वाटली, म्हणून ती सात पाकिटांत वाटता येत नाही. आणि चार-पाच वर्षं 'लिहून ठेवलंय' म्हणत आम्हाला झुलवत ठेवलं, तेही बरं नव्हतं. दादांना तरी सांगायचं होतं की नॉमिनी केलंय ते घराची देखभाल व्हावी म्हणून.

मावशींना मात्र त्यांनी खेळात ओढलं नाही. त्यांची दोन लाखांची ठेव वेगळी केलेली, तिला नॉमिनी मावशीच, आणि तेच मृत्युपत्रातही लिहिलेलं. दोन्हीकडे एकच नाव असल्यामुळे बँकेने दाखला आणि आधार बघून तीन आठवड्यांत पैसे दिले. पाच लाखांच्या ठेवीला नॉमिनी नव्हता. तिथे दुसऱ्या एका बँकेने प्रोबेट आणा, हमीपत्र आणा, जामीनदार आणा करत पाच महिने घेतले. बाईंनी तीन पत्रं लिहिली तेव्हा प्रोबेटचा हट्ट सुटला. ज्यांना आपल्या माणसांसाठी खरंच काही ठेवायचंय त्यांनी या दोन ठेवींतला फरक लक्षात घ्यावा.

एकतिसाव्या दिवशी बाईंच्या ऑफिसात उत्तरपत्रिका फोडली. दहा नंबरचे भाडेकरू जिंकले, सातपैकी सहा. नवरा-बायको दोघं तिशीतले, हिंजवडीला नोकरीला. त्यांनी आपलं उत्तर, मिरजेच्या बहिणीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा, पहिल्याच दिवशी मागेल त्याला लिहून दिलं होतं. बदल्यात काही मागितलं नाही, आणि कुणालाच त्यांची भीती नव्हती म्हणून त्यांना सगळ्यांनी दिलं. जुन्यांतले दोघे-तिघे नाराज झाले, भाडेकरू कसले शेजारी म्हणाले. मी नियमाचं पान दाखवलं. पैसे हातात आल्यावर दोन महिन्यांनी ते वाकडला स्वतःच्या घरात राहायला गेले. सामानातला फक्त फळा नेला, बाकी मावशींना दिलं.

ठेव वाटण्याआधी देणी भागवली. दादांनी भरलेला चौदा महिन्यांचा मेंटेनन्स, दरमहा २,२०० प्रमाणे ३०,८०० रुपये. धनादेश द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. "हे मी उसने दिले नव्हते रे," म्हणाले. तरी घेतला, कारण मी सांगितलं की नाही घेतला तर माझा हिशेब पुरा होत नाही.

आता त्या उत्तरपत्रिकेबद्दल. ती तपासायला मला वाचावी लागली. तीन नंबरच्या पुढे अण्णांच्या बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. पतपेढीत सगळी पुंजी बुडाल्यावर काका घर सोडून निघाले होते, पुणे स्टेशनवर, परत न येण्यासाठी. सात नंबरच्या बाबांनी त्यांना फलाटावर पाहिलं. आणि शेवटी अण्णांचेच शब्द: "पहाटे दोघं आले तेव्हा फाटक मी उघडलं, सात नंबरने आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

सात नंबरचे बाबा म्हणजे माझे बाबा. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते, स्टेशनवर रात्रपाळीला टपाल निवडायचे. १९९७ मध्ये मी नाशिकला नोकरीला होतो. ते २०१४ मध्ये गेले, तोवरच्या सतरा वर्षांत घरात कधी या गोष्टीचा शब्द निघाला नाही. आईलाही माहीत नव्हतं, मी तिला विचारून पाहिलं.

त्या संध्याकाळी कागद घेऊन मी तीन नंबरला गेलो. या वेळी काकूंनी दार उघडलं. चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"ड्युटी संपेपर्यंत तुझ्या बाबांनी यांना टपालाच्या थैल्यांवर बसवून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "हे सांगायचे, बाबा एक अक्षर बोलले नाहीत. फक्त मध्येमध्ये एकेक पत्र यांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, हा पत्ता लागतोय का बघा."

मी काहीच बोललो नाही.

"मला वाटायचं तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू काही म्हणालास की मी गप्प बसायचे, ते त्यामुळे."

"काकू, मला आज दुपारी कळलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन चहा टाकला. मी विचारलं, हा कागद तुम्हाला देऊ का. हिशेबासाठी फाईलला ठेवावा लागतो असं बाई म्हणाल्या होत्या, पण त्यांना हवा असता तर मी दिला असता.

काकूंनी कागदाची नीट चौघडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

"तुझ्याकडेच असू दे," म्हणाल्या. "साखर किती घालू?"